चित्राची पाठ

भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या चित्राची पाठ सहसा कुणी बघत नाही. ती दिसते ती बिऱ्हाड हलवताना. इंग्लंडमधलं घर आवरून पुण्याला परतायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या आजोबांनी काढून दिलेलं कालव्याचं तैलचित्र मी पहिल्यांदा उलटं करून पाहिलं. कॅनव्हासची कड लाकडी चौकटीवर वळवून बारीक चुकांनी ठोकलेली, कोपऱ्यांत कापडाच्या नेटक्या घड्या आणि प्रत्येक कोपऱ्यात लाकडाची छोटी पाचर. कापड सैल पडलं की या पाचरी हलक्या हाताने आत सारायच्या, म्हणजे ते पुन्हा ताठ होतं. चौकटीवर शिसपेन्सिलीने कालव्याचं नाव आणि साल लिहिलेलं. लिहायचं ते लाकडावरच, कापडावर नाही. कापडावर पेनाने जोर दिला तर कालांतराने अक्षरं पुढच्या रंगातून उमटू शकतात. समोरून ते चित्र पाण्याचं होतं. मागून पाहिलं तेव्हा त्यात एक हात दिसला, कामाची रीत असलेला, सावकाश.

चित्र बांधताना ही रीत आपल्यालाही शिकावी लागते. तैलरंग बोटाला आठवड्याभरात कोरडा लागतो, पण जाड थर आतून सुकायला सहा महिने, कधी वर्षही जातं. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळला, तर बंदरावरच्या उन्हात प्लास्टिक रंगाला धरतं आणि गोल गोल ठसे कायमचे राहतात. म्हणून आधी ग्लासीनचा गुळगुळीत कागद, मग पुठ्ठा आणि त्यावर बबल रॅप. कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळायचाच असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवायची. मन उलटं सांगतं: नाजूक बाजू आत लपवावी. पण आत घेतलेला रंग दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात, पोपडे सुटतात. बाहेर राहिलेला नुसता ताणला जातो आणि कापड सपाट केलं की बारीक भेगा मिटतात. गुंडाळायची नळी जितकी जाड, तितकं चित्राला बरं. फ्रेमच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची, म्हणजे काच तडकली तरी तिचे तुकडे कागदावर घसरत नाहीत.

खोक्याच्या लाकडालाही नियम आहे. झाडं पोखरणाऱ्या किड्यांनी देशांतर करू नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवतात आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारतात. आमच्या खोक्यावर तो होता. मला तो फार आवडला.

मग यादी. प्रत्येक खोक्यात काय आहे आणि त्याची किंमत किती, हे लिहून द्यायचं असतं. भांडी, पुस्तकं, शिवणयंत्र यांचं पटापट झालं. पेन अडलं ते आईच्या चित्रांशी. ती आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा रोज खिडकीशी बसून यॉर्कशरचं माळरान जलरंगात रंगवायची. सामान पाठवणारा माणूस म्हणाला, ‘घरगुती चित्रं आहेत ना, नाममात्र आकडा टाका.’ मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. घरच्या हाताच्या कामापुढे नाममात्र लिहिणं म्हणजे ते हरवलं तरी चालेल, असं आपणच कागदावर कबूल करणं. विमा तरी लिहिलेल्या आकड्यापलीकडे कुठे जातो? मी प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी मोजली, माध्यम लिहिलं, साल लिहिलं, पुढून-मागून फोटो काढले, तशाच आकाराच्या जलरंगांना तिथल्या छोट्या प्रदर्शनांत काय मिळतं ते बघून किंमत घातली. ‘चित्रकार’ या रकान्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, चित्रकार काय लिहितेस? वेळ जात नव्हता म्हणून केली ती.’ तो वेळ मी पाहिला होता. एका ढगासाठी तिने अख्खी दुपार ओला कागद पुढ्यात धरून ठेवला होता.

परदेशातलं बिऱ्हाड आवरून नामवंत कलावंतही परतले आहेत. चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 मध्ये मुंबईहून फ्रान्सला गेले आणि तब्बल साठ वर्षांनी, 2010 च्या अखेरीस, दिल्लीत परतले. त्यांच्या 1981 च्या ‘माँ’ या चित्रात देवनागरीत एक काव्यओळ लिहिलेली आहे. परत येताना काय आणू, असं ती आईला विचारते. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले त्यांचे सोबती शिल्पकार सदानंद बाकरे 1951 मध्ये लंडनला गेले आणि 1975 मध्ये थेट कोकणात, मुरूडला येऊन राहिले. या दोघांबद्दल वाचताना आता मला आधी सामान आठवतं: कोणी बांधलं असेल, कोणत्या बंदरात उतरलं असेल.

आमचं सामान फेलिक्स्टो बंदरातून निघालं. सामान समुद्रावर असताना त्याचं नशीब एकट्याचं राहत नाही. जहाज वाचवायला खर्च झाला, तर त्यावरच्या सगळ्या मालधन्यांनी तो वाटून घ्यायचा, असा जुना सागरी रिवाज आजही चालतो. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा त्यावरच्या अठरा हजारांवर कंटेनरांच्या धन्यांना हाच नियम लागू झाला. अशा वेळी घरसामान पाठवणाऱ्यालाही आपल्या वाट्याची हमी किंवा अनामत दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर तो भार विमा उचलतो. नुसत्या मोडतोडीसाठी विमा नको, यासाठीही हवा.

मला धास्ती होती ती ओलीची. थंड मुलखात बंद झालेला कंटेनर उष्ण पट्ट्यातून जातो, दिवसा तापतो, रात्री निवतो आणि आतल्या हवेतलं पाणी छताला धरून थेंबाथेंबाने खाली पडतं. जलरंगाच्या कागदाला एवढं पुरतं. त्यामुळे खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आणि तारीख अशी धरली की मृग लागायच्या आत माल न्हावा-शेव्याला उतरावा. तसा तो उतरला.

खोकी घरी आली तरी लगेच फोडली नाहीत. एक दिवस तशीच ठेवली, लाकूड-कापडाला इथली हवा लागू दिली. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे काहीच लावलं नाही. आईची चित्रं जिन्याशेजारच्या आतल्या भिंतीवर लावली, प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवून, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यामधून वारा खेळत राहतो.