न कापलेली पाने

ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेसाठी मुंबईस राहत असताना, 1964 साली एका रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही चौघे विद्यार्थी ‘ओन्ली टू कॅन प्ले’ हा इंग्रजी चित्रपट पाहावयास गेलो, तो केवळ त्याचा नायक ग्रंथालयात नोकरीस आहे एवढे कोणीतरी सांगितले होते म्हणून. आमच्या व्यवसायातील मनुष्य नायक झालेला त्यापूर्वी आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. चित्रपट 1962 सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक सिडनी गिलियट आणि नायक पीटर सेलर्स. किंग्जली एमिस या कादंबरीकाराच्या ‘दॅट अन्सर्टन फीलिंग’ या 1955 सालच्या कादंबरीवरून ब्रायन फोर्ब्सने त्याची पटकथा रचली होती. एमिस 1949 पासून 1961 पर्यंत वेल्समधील स्वान्सी येथे इंग्रजीचा अध्यापक होता, आणि त्याचा जिवलग मित्र, कवी फिलिप लार्किन, हा पेशाने ग्रंथपालच. त्यामुळे तुटपुंज्या पगारावरील ग्रंथालयीन कर्मचाऱ्याचे जे चित्र त्याने रेखाटले, त्यात ऐकीव असे फारसे नसावे. कादंबरीतील गाव कल्पित. चित्रीकरण मात्र प्रत्यक्ष स्वान्सीतच झालेले.

कथा सांगायची तर दोन वाक्यांत संपते. जॉन लुइस हा विवाहित, दोन मुलांचा बाप, भाड्याच्या कोंदट जागेत राहून ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी उमेदीची वर्षे घालवीत असतो; ग्रंथालयात वरची जागा रिकामी होते, आणि ज्या नगरपित्याच्या हाती त्या नेमणुकीची सूत्रे आहेत त्याची देखणी पत्नी लिझ, जॉनवर प्रसन्न होऊन, बढतीचे आणि प्रणयाचे असे दोन्ही दरवाजे एकदमच उघडते. पुढे जे घडते ते सारे न घडण्याच्याच मार्गाने घडते. दोघे रात्री मोटार घेऊन गावाबाहेर जातात, तर माळावरच्या गाई काळोखातून येऊन मोटारीला वेढा देतात आणि काचांना नाके लावून आत पाहू लागतात. ती ओलसर, रुंद नाकपुड्यांची, कमालीची शांत तोंडे, आणि त्यांच्यामध्ये अडकलेला सेलर्सचा तो केविलवाणा चेहरा! थिएटरात त्या दिवशी हशाचा जो कल्लोळ उठला तो अद्याप माझ्या कानांत आहे. घरी भेटावे तर यजमान अवचित परततात. शेवटच्या दृश्यापर्यंत व्यभिचार म्हणून ज्याला त्या काळची दंडसंहिता ओळखत असे तो काही सिद्धीस जात नाही.

त्या वयात मी हसलो आणि विसरलो. विसरलो असे म्हणतो, परंतु मनात राहिला होता तो चित्रपटातला निराळाच प्रसंग. जॉन स्थानिक वृत्तपत्रासाठी नाट्यपरीक्षणेही लिहीत असतो. एका संध्याकाळी नाटक अर्धवट टाकून तो लिझबरोबर निघून जातो आणि न पाहिलेल्या प्रयोगाचे परीक्षण लिहून छापखान्याकडे रवाना करतो. त्याच रात्री ते नाट्यगृह आगीत भस्मसात होते. दुसऱ्या दिवशी त्याचा मजकूर छापून येतो, आणि त्याची पत्नी जीन तो वाचते. जे शय्येवर घडू शकले नाही ते कागदावर केव्हाच घडून गेलेले असते. जीनला पुराव्यासाठी अत्तराचा वास किंवा सापडलेली चिठ्ठी लागत नाही. नवऱ्याने आपल्या नावानिशी लिहिलेला एक खोटा परिच्छेद तेवढा पुरतो. विवाहबाह्य प्रेमाच्या सुखान्तिका मी पुढे पुष्कळ पाहिल्या, परंतु बेइमानीचा उगम लेखणीशी नेऊन भिडविणारी दुसरी माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणूनच या चित्रपटाची योग्यता मी फार मोठी मानतो.

तशीच पाळी पुढे माझ्यावरही आली. 1971 साली, एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मी साहाय्यक म्हणून चार वर्षे काढली असताना, उपग्रंथपालाची जागा निघाली. सार्वजनिक ग्रंथालयांचा 1967 चा कायदा होऊन सरकारी अनुदान सुरू झाले होते, दाखल नोंदवह्यांच्या तपासण्या होऊ लागल्या होत्या, आणि त्या हुद्द्याला गावात प्रथमच काही वजन आले होते. कार्यकारी मंडळातील एका वजनदार सभासदांचा काव्यसंग्रह त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांनी तो स्वहस्ते माझ्याकडे दिला, गावातल्या साप्ताहिकात चार शब्द लिहावेत अशी इच्छा प्रकट केली, आणि जाता जाता मुलाखतीच्या तारखेचाही उल्लेख केला. दोन गोष्टींचा संबंध त्यांनी जोडला नाही. तो मी जोडला. धाकटी मुलगी तेव्हा आजारी होती, घरभाडे दोन महिन्यांचे थकले होते, आणि अभिप्राय दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. मी अनुक्रमणिका पाहिली, प्रस्तावनेतील दोन वाक्ये फिरवून घेतली, आणि ‘प्रतिभेचा प्रसन्न आविष्कार’ अशा थाटाचे दीड स्तंभ लिहून दिले. मुलाखत झाली, मी उपग्रंथपाल म्हणून रुजू झालो. पुढे वीस वर्षे त्याच टेबलाशी बसून मी तारखेचे शिक्के मारले, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो पुस्तकांपैकी एकाशीही मी पुन्हा असा वागलो नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला तो 1989 साली. मोठ्या मुलाने व्हिडिओची कॅसेट भाड्याने आणली होती. मुले बाहेर गेली होती, आम्ही दोघेच होतो. गाईंच्या प्रसंगाला माझी पत्नी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जीनची भूमिका करणारी व्हर्जिनिया मॅस्केल तिला फार आवडली. त्या साध्या झग्यातल्या, मुलांचे करता करता थकलेल्या परंतु कोठेही दीन न वाटणाऱ्या स्त्रीकडे ती टक लावून पाहत होती. (ही गुणी नटी 1968 साली, ऐन तिशीत, गेली, हे मी तिला तेव्हा सांगितले नाही.) मग जळलेल्या नाट्यगृहाचा आणि छापून आलेल्या परीक्षणाचा प्रसंग आला. ती हसायची थांबली. चित्रपट चालू असतानाच उठली, आतल्या खोलीत गेली, आणि ट्रंकेच्या तळाशी जुन्या साड्यांखाली ठेवलेले एक पुस्तक आणून तिने माझ्यासमोर ठेवले.

तोच काव्यसंग्रह. त्या काळी काही पुस्तकांची पाने कडेला जोडलेलीच येत, आणि वाचकाने ती सुरीने किंवा पट्टीने कापून घ्यायची असत. या पुस्तकातील कवितांचा एकही फर्मा कापलेला नव्हता.

“घर बदललं तेव्हाच हातात आलं होतं,” ती म्हणाली. घर आम्ही 1974 साली बदलले होते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही काय सांगितलं असतं, अहो? पोरीच्या औषधाला पैसे नव्हते, तेच ना? ते मला ठाऊक होतंच की. पण त्या माणसानं मनापासून लिहिलं असेल आणि तुम्ही उघडूनसुद्धा बघितलं नाही, हे काही मला बरं वाटलं नाही. तेवढंच.”

पंधरा वर्षे ही गोष्ट तिने साड्यांच्या घडीखाली ठेवली होती. समोर पडद्यावर जॉन लुइस वशिल्याने चालून आलेल्या जागेवर पाणी सोडून फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर जात होता आणि जीन त्याच्या सोबत त्या गाडीत होती. सेलर्स काय बोलत होता ते माझ्या कानांवरून गेले.

मंडळातील ते सभासद तोवर दिवंगत झाले होते. त्या रात्री मी टेबलावरची पितळी पट्टी घेतली आणि कवितांच्या पहिल्या फर्म्यापासून पाने कापू लागलो. जुना कागद, कडा कुरतडल्यासारख्या निघत होत्या, बारीक भुसा धोतरावर पडत होता. पत्नी दाराशी येऊन क्षणभर उभी राहिली आणि दिवा मोठा करून गेली. पुष्कळशा कविता सामान्य होत्या. एकेचाळिसाव्या पानावर मात्र विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आईची एक आठ ओळींची कविता होती. ती मी दोनदा वाचली, आणि मग पत्नीला हाक मारून मोठ्याने वाचून दाखविली.