स्टार्ट, प्रोग्राम्स, अ‍ॅक्सेसरीज, पेंट

२००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आणि नांदेड–नागपूर रस्त्यावरच्या आमच्या हदगावातही कॉम्प्युटर शिकण्याचे दिवस आले. सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर तामसा, निवघा, मनाठा इथून पोरंपोरी एसटीने येऊ लागली. नोकरीतले गुरुजी आणि ग्रामसेवकही त्यांच्या शेजारी बसू लागले. चपला दाराबाहेर, खिडकीला पडदा, मॉनिटरवर कापडी झाकण आणि एका कॉम्प्युटरपुढे दोघं-तिघं. माऊस हातात येईपर्यंतचा वेळ वहीत जायचा.

त्या वहीत पायऱ्या असायच्या. स्टार्ट, प्रोग्राम्स, अ‍ॅक्सेसरीज, पेंट. मध्ये बाण काढलेले. आम्ही त्या पाढ्यांसारख्या पाठ करायचो. पण आमच्या सरांचा आग्रह पाठांतराच्या पुढचा होता. प्रत्येक पायरीखाली ते आणखी एक ओळ लिहायला लावत: आता पडद्यावर काय दिसेल? ‘फाईलवर क्लिक करा. खाली यादी उघडेल. दुसरंच काही उघडलं तर एस्केप दाबा आणि पुन्हा करा.’ आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरणाऱ्या माणसाला ती दुसरी ओळ धीर द्यायची. आपण बरोबर वाटेवर आहोत, हे कुणाला न विचारता त्याला कळायचं.

यंत्राची देखभालही वहीत होती, कारण दुरुस्तीवाला नांदेडहून यायचा. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असे. बाण अडखळायला लागला की माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवून काढायची, गोळी तळहातावर घ्यायची आणि आतल्या बारीक रुळांवर साचलेला मळ नखाने किंवा काडीने खरवडायचा. गोळी परत बसवली की बाण सरळ धावायचा. आजच्या माऊसखाली प्रकाश असतो. तो अडखळला तर आधी खालचं भिंग फुंकून साफ करावं, मग चकचकीत टेबलावर साधा कागद ठेवून बघावं.

कॉम्प्युटर सुरू न होता नुसता बीप-बीप करू लागला की क्लासमधली जाणती पोरं खोडरबर शोधायची. वायर भिंतीतून काढायची, डबा उघडायचा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा. मग रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून बाहेर काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा. रबराचा भुगा झटकून पट्टी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबली की बहुतेक वेळा यंत्र जागं व्हायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे धूळ किती उडते, हे ठाऊक असलेल्याला यामागचं कारण सांगावं लागत नाही. जुन्या डेस्कटॉपवर हा उपाय आजही चालतो. आताच्या अनेक लॅपटॉपमध्ये मात्र रॅम मुख्य पाटीवरच जोडलेली येते, काढायला काही उरलेलंच नसतं.

सगळ्यात मोठा धडा दिला तो भारनियमनाने. लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. यूपीएस ओरडू लागला की सगळ्यांची बोटं एकदम कंट्रोल आणि एसवर जायची. आधी सेव्ह, मग स्टार्टमधून शटडाऊन. अचानक बंद पडलेलं विंडोज ९८ पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसायचं. आज लॅपटॉपला बॅटरी आहे, बरीचशी कामं आपोआप जपली जातात. पण बंद करण्याचा अर्थ बदलला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन करताना यंत्रणेचा काही भाग डिस्कवर तसाच साठवला जातो. म्हणून कॉम्प्युटर कुठे अडकला तर शटडाऊनपेक्षा रीस्टार्ट करावं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाईलचा एक फोटोही बसणार नाही. पुढे पेनड्राईव्ह आला आणि ‘सेफली रिमूव्ह’ची पायरी वहीत चढली. २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये तिची गरज बरीच कमी झाली, तरी कॉपी पूर्ण होईपर्यंत थांबणं आजही हवंच.

मराठीचा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. तेव्हा कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला अर्ज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की इंग्रजी अक्षरांचा खच पडायचा. म्हणून फाईलबरोबर फॉन्टही न्यायचा, ही एक पायरीच होती. युनिकोडने प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. एक्सपीवर त्यासाठी कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस असं जाऊन खूण करावी लागे, वर विंडोजची सीडीही शोधावी लागे. आज माझी आत्या मोबाईलला मराठीत बोलून निरोप लिहिते.

आता पायऱ्या व्हिडिओत असतात. एखादी गोष्ट अडली की पोरं बोलून शोधतात आणि काम उरकतात. हे सुख मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण २०२१मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद मोबाईलच्या अ‍ॅपवरून करणं, सुरू झाली, तेव्हा शेताच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण मी पाहिली. व्हिडिओतला पडदा वेगळा, हातातला वेगळा, कारण अ‍ॅप मधल्या काळात बदललेलं. रेंज नाही, म्हणून व्हिडिओ पुन्हा बघता येत नाही. फोटोआधी लोकेशन का चालू करायचं, हे कुणी सांगितलेलं नाही. आपण आपल्याच गट क्रमांकाच्या शेतात उभे आहोत हे फोनला त्यावरूनच कळतं, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर निम्मी धांदल वाचली असती.

जुनी यंत्रं परत यावीत असं मला वाटत नाही. गोळीचा माऊस गेला ते बरंच झालं. पण पायरीखाली लिहिलेली ती दुसरी ओळ मला परत हवी आहे. ज्याला येतं त्याने घरातल्या थोरांसाठी, शेजाऱ्यासाठी, शेतातल्या भावासाठी एका कागदावर मराठीत लिहून द्यावं: काय दाबायचं, मग काय दिसेल, नाही दिसलं तर काय करायचं, आणि हे का करायचं. लिहून झालं की तो कागद त्यांच्या हातात द्यावा, फोनही त्यांच्याच हातात राहू द्यावा आणि आपण गप्प बसून बघावं. ते जिथे थांबतील तिथे आपलं एक वाक्य राहिलेलं आहे असं समजावं आणि ते लिहून टाकावं.