टाहोचं पाणी आणि तेलाचा डबा

बे एरियातून चारेक तास गाडी हाकली की लेक टाहो. १,६४५ फूट खोल, तरी काठाजवळ तळातले गोटे मोजून घ्यावेत इतके नितळ पाणी! दोन कुटुंबांत मिळून घेतलेली आमची छोटी मोटरबोट आम्ही उन्हाळ्यात तिथे नेतो. मंडळी पुरणपोळ्यांच्या डब्याची चौकशी करतात, तेलाच्या डब्याची कुणी करत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, साधारण ५० ला १. जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनांतून त्यातले बरेचसे न जळताच पाण्यात उतरते, म्हणून टाहोवर त्यांना १९९९ पासून बंदी आहे. काठची गावे हेच पाणी पितात ना! आमचे इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात गाडीचे उरलेले तेल ओतायचा मोह होतो, पण डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ पाहूनच घ्यावे. ते बोटीच्या इंजिनासाठी, गंज धरू नये असे बनवलेले असते.

तेल बदलायचे ते घरच्या गराजमध्ये, थंडीआधी. जुने तेल घट्ट झाकणाच्या डब्यात. त्यात पेट्रोल किंवा अँटिफ्रीझ मिसळले तर कुणी घेत नाही. एरवी ऑटो पार्ट्सची बरीच दुकाने फुकट घेतात.

मालवणच्या धक्क्याशी पाण्यावर तरंगणारे तेलाचे इंद्रधनुष्य लहानपणी आम्हाला सुंदर वाटायचे. इथे तसे दिसले की पोटात गोळा येतो. म्हणून पेट्रोलची सुटी टाकी आम्ही जमिनीवर ठेवूनच भरतो, आणि तोंडाशी फडके धरायला मुलांची भांडणे.