प्लॅटिनमबद्दलचे माझे मत

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याचेही आवडते-नावडते धातू असतात. सोडियम पाण्यावर नाचतो, तांब्याचे क्षार निळे-हिरवे दिसतात. त्यांच्याबद्दल बोलायला मजा येते. प्लॅटिनम मात्र मला कायम कंटाळवाणे वाटत आले. घनता पाण्याच्या 21 पटींहून जास्त, द्रवणांक 1768 अंश सेल्सिअस, हवेत काळवंडत नाही, नायट्रिक आम्लाला भीक घालत नाही, विरघळवायचे तर आम्लराज हवे. एवढे सांगून त्याला सोन्याशेजारी 'राजधातू' म्हणून बसवायचे आणि पुढे सरकायचे, हा माझा रिवाज. महाग आणि आळशी, असे माझे त्याच्याबद्दलचे खरे मत होते. ज्योत परीक्षेला त्याचीच तार का? तर ती मध्ये लुडबुड करत नाही म्हणून. हे उत्तर आजही बरोबरच आहे.

मत ढळले ते बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगाची हकिगत वाचल्यावर. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात ते विद्युतक्षेत्राचा ई. कोलाय जिवाणूंवर होणारा परिणाम तपासत होते. इलेक्ट्रोड घेतले प्लॅटिनमचे. कारण अर्थातच तेच, लुडबुड नको. जिवाणू दोऱ्यासारखे लांबत गेले, पण त्यांचे विभाजन थांबले. शोध घेता घेता कळले की हा प्रताप विजेचा नव्हे, इलेक्ट्रोडचा. द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडशी संधान बांधून प्लॅटिनम संयुगे बनवत होते. 1965 साली हे प्रसिद्ध झाले. त्यांतले एक महत्त्वाचे संयुग मिशेल पेरोने यांनी 1845 मध्येच तयार केले होते! विभाजन रोखण्याच्या याच गुणामुळे ते कर्करोगाच्या वॉर्डात पोहोचले; तिथे त्याला सिसप्लॅटिन म्हणतात. 1978 मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या रेणूत प्लॅटिनमभोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन एकाच पातळीत असतात. दोन्ही क्लोरीन एका बाजूला हवेत. समोरासमोर गेले की औषध म्हणून ते निकामी. पेशीत शिरल्यावर क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनम डीएनएला जाऊन चिकटते. आळशी धातूचे हे काम नव्हे.

मग उत्प्रेरकांचा धडाही मी नव्याने वाचला. रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी 1823 मध्येच स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो काडीवाचून पेटवून दाखवला होता. सगळी करामत पकडीची आहे. हायड्रोजन म्हणजे पाहुणा धरला, तर सोने त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवते, टंगस्टन आत घेतले की सोडत नाही. प्लॅटिनम बसवून घेते आणि वेळेवर निरोपही देते. ही मध्यम पकड फार थोड्या धातूंना साधते. शिसे मात्र एकदा बसले की उठत नाही आणि पृष्ठभाग निकामी करते. म्हणून 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारा, प्लॅटिनम असलेला उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही आणावेच लागले.

दागिन्यातल्या प्लॅटिनमबद्दल मला अजूनही विशेष काही वाटत नाही. ते सराफांनी पाहावे.

वर्गात मात्र मी त्याची जागा बदलली आहे. सोन्याशेजारून उठवून आता ते निकेल आणि पॅलेडियमबरोबर शिकवतो. आवर्तसारणीत त्याचा गण तोच, 10 वा. आणि वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाला हायड्रोजन जोडून देणारे निकेलही त्याच गणातले.