ढिला दोर आणि ओहोटीचे पाणी

समुद्राचे पाणी घनतेने हवेच्या आठशेपटींहून अधिक असल्यामुळे, डोळ्यांना संथ वाटणारा प्रवाहही धक्क्याला बांधलेल्या जहाजावर मोठा रेटा आणतो, आणि हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. २०० मीटर लांबीच्या आणि १२ मीटर डुबावाच्या, म्हणजे तेवढा भाग पाण्याखाली असलेल्या, जहाजावर एक नॉटचा (तासाला १,८५२ मीटर) प्रवाह खोल पाण्यात थेट कुशीवर आला, तर ढोबळ हिशेबाने ३० टनांचा भार पडतो. दोन नॉटला तो १२० टनांवर जातो. तोच प्रवाह नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर घेतला तर काही टनांवरच निभावते, म्हणून खुले धक्के शक्यतो प्रवाहाच्या दिशेतच बांधतात.

उथळ पाण्यात मात्र हा हिशेब पुरत नाही. कण्याखाली डुबावाच्या दशांशाएवढीच जागा उरली की पाण्याला खालून वाट मिळत नाही, ते दोन्ही टोकांना वळसा घालू लागते आणि कुशीवरचा रेटा कित्येक पटींनी वाढतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते; तेथे ओहोटीच्या उत्तरार्धात प्रवाहाला ओढ असतेच आणि कण्याखालचे पाणीही आटत जाते, ही वेळ सर्वांत अवघड. (१९१४ साली खुल्या झालेल्या, आज इंदिरा डॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदीत दरवाजांआड पाणी अडवलेले असल्याने ही चिंता बाहेरच राहते.) डोल जाळ्याचे तोंड प्रवाहाच्या जोरावरच उघडे ठेवणारा कोळी उधाण आणि भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) यांतला फरक पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, दोर सांभाळणाऱ्यालाही तीच नजर हवी.

कारण उंच काठाचे जहाज ओहोटीबरोबर खाली जाते, तसे धक्क्यावरच्या खुंटांकडे उतरणारे त्याचे दोर सैलावतात, दोराचा मधला भाग झोळ खाऊन लोंबतो, आणि फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी रबरी उशी, व जहाजाचा पत्रा यांच्यामध्ये हातभर फट पडते. त्या फटीत प्रवाह शिरला की तो पाचरीसारखा नाळ बाहेर ढकलतो, जहाज दोन-चार अंशांनी तिरके होऊन आपली कूस पाण्यापुढे करते, रेटा वाढतो, फट आणखी रुंदावते. म्हणून दोर आवळायचे ते ही फट दिसण्याआधी, झोळ पडू लागताच.