मांडूची चिंच, सावनूरची चिंच

मांडूला जाऊन आले म्हटले की पहिला प्रश्न येतो तो रूपमती आणि बाजबहादूर यांचा. रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते म्हणतात. आम्ही गेलो त्या सकाळी दाट धुके होते, त्यामुळे नर्मदा काही दिसली नाही. म्हणून तो विषय सोडते. मला लिहायचे आहे ते खाण्याविषयी, आणि त्याला कारण आमच्या घरातली अव्वा.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर हावेरी जिल्ह्यातले सावनूर. तिथल्या दोड्डहुणसे मठाच्या आवारात तीन अवाढव्य झाडे, त्यांनाच दोड्डहुणसे, म्हणजे मोठी चिंच म्हणतात. आपल्याकडे तिला गोरखचिंच म्हणतात. झाड मूळ आफ्रिकेतले. लहानपणी अव्वा त्या फळाचा गर चोखत शाळेत जायच्या. २०२३ च्या जुलैत पावसात त्यातले एक झाड उन्मळून पडले आणि ती बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिली. झाड पुन्हा उभे करून रोवण्यात आले, हेही आम्ही त्यांना सांगितले. पण वय चौऱ्याऐंशी, तोंडाची चव गेलेली. दिवसभरात वाटीभर अंबली पोटात गेली तरी आम्हाला समाधान वाटायचे. अशात मांडूला हीच झाडे शेकड्याने आहेत असे कळले, आणि डिसेंबरात इंदूरच्या लग्नाला जायचे होतेच. आमच्या ह्यांनी एक दिवस वाढवला.

इंदूरहून मांडू शंभरेक किलोमीटर, वाटेत धार लागते. धार पवारांचे, त्यामुळे मराठी कान टवकारतात. नाश्त्याला पोहे मिळाले, पण वरून शेव आणि जिरावण नावाचा मसाला भुरभुरलेला, शेजारी जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी हे आमच्या ह्यांना शेवटपर्यंत पटले नाही. मी मात्र दोनदा घेतली.

मांडूच्या अलीकडे एका झोपडीपाशी धूर दिसला म्हणून थांबलो. भिल्ल समाजाची एक बाई पानिये भाजत होती. मक्याचे जाडसर पीठ, मीठ, गरम पाण्यात मळून त्याची जाड थापी करायची. ती पळसाच्या दोन पानांमध्ये दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायची. पान करपते, आतली भाकर शिजते. मग पान सोलून काढायचे आणि उडदाच्या डाळीत कुस्करून खायचे. पानाच्या शिरांची नक्षी भाकरीवर उमटलेली असते. कोकणातली पानगी आठवली, पण ती मऊ. ही आपल्या जोळद रोट्टीसारखी रांगडी, पोटाला आधार देणारी. झाबुआ, अलिराजपूर, धार या सगळ्या पट्ट्यात हे घरोघरचे अन्न आहे.

गंमत अशी, की मका आपल्या देशात आला तो पोर्तुगीजांनंतर. मांडूचे सुलतान जेवत होते तेव्हा तो इथे नव्हता, मिरचीही नव्हती. मग ते काय खात होते? हे चक्क लिहून ठेवलेले आहे. १४६९ ते १५०० या काळात गादीवर असलेल्या गियासशहाने आपल्या स्वयंपाकाचे पुस्तक करवले, ‘निमतनामा’. त्याचा मुलगा नासिरशहा याच्या काळात ते पुरे झाले. भाषा फारसी, मधेमधे हिंदवी शब्द. सामोसे, खिचडी, कढी, वडे, सरबते, विडे, सगळ्याची कृती आहे, आणि केशर, कापूर, कस्तुरी यांची नुसती उधळण. पन्नास चित्रे आहेत, त्यांत मिशीवाला सुलतान स्वतः स्वयंपाकावर देखरेख करताना दिसतो. याच गियासशहाच्या राजवाड्यात तुर्की आणि हबशी बायकांचा पहारा होता असे फरिश्ता लिहितो, आणि फरिश्ता बसून लिहीत होता आपल्या विजापूरच्या दरबारात! ‘निमतनामा’ पुढे श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानच्या ग्रंथालयात होता. तिथून कंपनीकडे गेला, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २००५ साली नोरा टिटली यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मांडूतले खाणे कानडी मुलुखातून विलायतेला गेले म्हणायचे.

जहाज महालाच्या दोन तलावांमधल्या ओट्यावर बसून मी हे ह्यांना सांगत होते. ते म्हणाले, “आधी अव्वाची चिंच बघू.”

चिंच शोधावी लागलीच नाही. रस्त्याकडेला टोपल्या मांडून बाया बसल्या होत्या. इथे तिला खुरासानी इमली म्हणतात. दुधीएवढे, मखमली लव असलेले फळ. फोडले की आत पांढरा, कोरडा, खडूसारखा गर. तोंडात टाकला की विरघळतो आणि जीभ आंबटगोड होते. झाडे तर अशी, की बुंध्याला कवेत घ्यायला आम्ही दोघे आणि ड्रायव्हर मिळूनही पुरलो नाही. काही वर्षांपूर्वी इथली झाडे उपटून दुसऱ्या राज्यात नेण्याचा प्रकार झाला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला होता. विकणाऱ्या बाईने ते रागानेच सांगितले. मी पाच फळे घेतली. कपड्यांत गुंडाळली, तरी एक फुटलेच आणि साडीवर पांढरी भुकटी सांडली.

घरी आल्यावर अव्वांच्या हातात फळ ठेवले. बराच वेळ त्या नुसती लव चाचपत राहिल्या. मग ह्यांनी ते उंबऱ्यावर फोडले. एक तुकडा तोंडात धरून त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प.

“सवणूरिंदु इदक्किंत हुळी इत्तु,” त्या म्हणाल्या. सावनूरची याहून आंबट होती.

माझे तोंड उतरले. तेवढ्यात त्यांनी बी हातावर काढून ठेवली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. रात्री गुळाचा खडा घालून त्या गराचे सार करायला लावले, आणि पुष्कळ दिवसांनी भाताबरोबर दोनदा वाढून घेतले.