राजकन्येला कुणी विचारलं?

मुलांनो, एक गुपित सांगते. सातवीत असताना मी भूगोलाच्या पुस्तकात लपवून राजकन्येच्या प्रेमाची कादंबरी वाचत होते. आईनं पकडलं! वाटलं, आता पाठीत धपाटा. पण अंगणात मोहफुलं वाळत घालताना ती म्हणाली, “वाच मोठ्यानं.” तिला वाचता येत नव्हतं.

राजपुत्रानं राक्षस मारला, राजानं मुलगी दिली. मी खूश! आई मात्र म्हणाली, “पन त्या पोरीले कोनी इचारलं का?”

मी गप्प. चौदाव्या वर्षी आईचं लग्न तिला न विचारताच झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे डी. एड. करताना वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वाचली. तिथं ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली कहाणी स्वतः सांगतात. मी सुट्टीत गडचिरोलीकडची बस धरली आणि आईला ती वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, “हे बरं हाय.”

तेव्हापासून प्रेमकथा जुनी असो, नवी असो, जादूची असो, मी तिला आईचाच प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा. आणि पालकहो, पुस्तक हिसकावू नका. शेजारी बसून ऐका!